सात वर्षांची डोकेदुखी आणि जीवकाचे दोन उपचार

दीक्षाभूमीच्या या शहरात बुद्धकाळातील अनेक नावे घरोघरी ओळखीची आहेत. त्यांतले एक नाव वैद्याचे आहे, ते म्हणजे जीवक. विनयपिटकातील महावग्गात त्याचे चरित्र येते. त्यात डोकेदुखीचे दोन रुग्ण आहेत. दोघांची तक्रार एकच, उपचार मात्र अगदी वेगळे.

जीवक हा राजगृहातील गणिका सालवतीचा मुलगा. जन्मताच त्याला सुपात घालून उकिरड्यावर टाकण्यात आले. तिथून जाणाऱ्या राजपुत्र अभयाने चौकशी केली, तेव्हा मूल जिवंत असल्याचे कळले. म्हणून नाव पडले जीवक. राजपुत्राने त्याला वाढवले. जाणत्या वयात तो तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. परीक्षेसाठी गुरूंनी त्याला कुदळ देऊन तक्षशिलेभोवती एक योजनभर फिरायला सांगितले. औषधी नसलेले जे काही दिसेल ते त्याने आणायचे होते. तो रिकाम्या हाताने परतला, आणि गुरूंच्या मते शिक्षण पूर्ण झाले.

घरी परतताना साकेत येथे त्याची शिदोरी संपली. तिथल्या एका श्रेष्ठीची पत्नी सात वर्षे डोकेदुखीने त्रासली होती. मोठमोठे वैद्य पैसे घेऊन गेले होते, गुण आला नव्हता. त्यामुळे या तरुणाला भेटायलाही ती तयार नव्हती. बरे वाटले तरच मोबदला द्या, असा निरोप पाठवून जीवकाने तिला तपासले. औषधी घालून कढवलेले तूप त्याने तिच्या नाकात सोडले आणि ती बरी झाली. घरच्यांनी मिळून 16,000 कार्षापण दिले.

दुसरा रुग्ण राजगृहाचा श्रेष्ठी. त्याचीही डोकेदुखी सात वर्षांची. वैद्यांनी आशा सोडली होती. कोणी पाच दिवसांची मुदत देत होते, कोणी सात. जीवकाने त्याला खाटेला बांधले, डोक्याची कातडी कापली, कवटीचा सांधा उघडून दोन जंतू काढले, सांधा मिटवून कातडी शिवली आणि लेप लावला. एका कुशीवर, दुसऱ्या कुशीवर आणि उताणे असे प्रत्येकी सात महिने पडून राहण्याचे त्याने आधीच कबूल करून घेतले होते. श्रेष्ठी प्रत्येक वेळी सातच दिवसांत कंटाळला. तेवढे दिवस पुरेसे आहेत हे जीवकाला ठाऊक होते. महिने सांगितले नसते तर रुग्ण तेवढेही पडून राहिला नसता.

पुढे बिंबिसार राजाचा, भगवान बुद्धांचा आणि भिक्खू संघाचा वैद्य म्हणून जीवकाने काम केले. त्याने संघाला दान दिलेल्या आंबराईची जागा राजगीरला आजही दाखवतात.

ही कथा शस्त्रक्रियेचा पुरावा म्हणून नव्हे, तर तिच्यातील विचारासाठी वाचावी. डोकेदुखी ही तक्रार आहे, निदान नव्हे. आजचे डॉक्टरही आधी हेच पाहतात, की दुखणे हाच आजार आहे, की त्यामागे दुसरे काही आहे?

याचे चांगले उदाहरण म्हणजे नम्युलर हेडेक, म्हणजे नाण्यासारखी डोकेदुखी. स्पेनमधील डॉ. पारेखा आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये तिचे वर्णन केले. डोक्यावर एकाच ठिकाणी, बहुधा माथ्याच्या एका बाजूला, 1 ते 6 सेंटिमीटर व्यासाचा गोल किंवा लंबगोल भाग दुखतो. रुग्ण बोटाने त्याची कड दाखवू शकतो. जागा, आकार बदलत नाही. अनेकांना तिथे बधिरपणा, मुंग्या येणे किंवा हात लावताच दुखणे जाणवते. डोक्याच्या कातडीतील मज्जातंतूंची टोके हे या दुखण्याचे मूळ असावे, असे मानले जाते.

मात्र हे नाव देण्याआधी कातडी, हाड आणि त्याखालचा भाग तपासावा लागतो, कारण गाठ किंवा हाडाचा विकारही एकाच जागी दुखू शकतो. म्हणून सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. तपासणीत काही न आढळल्यास अनेकांना धीर आणि साधी वेदनाशामके पुरतात. त्रास जास्त असेल तर गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन किंवा दुखऱ्या जागी बोटुलिनम टॉक्सिनची इंजेक्शने देतात. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावीत.

पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखी, कानशिलाजवळ दुखणे व अंधुक दिसणे, अचानक उठलेली असह्य कळ, सोबत ताप, फिट किंवा हातापायातली शक्ती जाणे, यांपैकी काहीही असेल तर वाट पाहू नये. लगेच मेडिकल, मेयो, एम्स किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. महिन्यात पंधरा किंवा अधिक दिवस साधी वेदनाशामके घेतली, तर त्या गोळ्यांमुळेही डोके दुखू लागते.

साकेतच्या रुग्णाला तूप पुरले, राजगृहाच्या रुग्णाला पुरले नसते. म्हणून शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याही डोक्याला चालेल असे समजू नये. आधी दुखण्याचे कारण शोधून घ्यावे.