हुतात्मा शिरीषकुमार मेहता : पंधरा वर्षांचे चरित्र

दीर्घ आयुष्य लाभलेल्या व्यक्तीचे चरित्र लिहिताना काय वगळावे, ही लेखकाची अडचण असते. शिरीषकुमार मेहता याच्या चरित्रात अडचण नेमकी उलट आहे. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६ रोजी नंदुरबार येथे झाला आणि ९ सप्टेंबर १९४२ रोजी त्याच गावात पोलिसांच्या गोळीबारात त्याला मृत्यू आला. हे आयुष्य सोळा वर्षांचेही नाही. त्याच्याविषयी जे लिहिले जाते त्याचा बहुतेक भाग शेवटच्या काही क्षणांपुरता असतो. एक शाळकरी मुलगा त्या चौकापर्यंत कसा पोहोचला, हा प्रश्न मात्र बाजूला राहतो. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी त्याच वयाची मुले असतील. त्यामुळे हा प्रश्न तुम्हांला अधिक जवळचा वाटेल.

येथे एक भाषिक निरीक्षण नोंदवणे आवश्यक आहे. मराठी लेखनात शिरीषकुमारचा उल्लेख कधी ‘तो’ असा, तर कधी ‘ते’ असा केला जातो. वय ‘तो’ मागते, हौतात्म्य ‘ते’ मागते. आदरार्थी बहुवचन वापरले की पंधरा वर्षांचा मुलगा नकळत प्रौढ होतो आणि वाचकाला त्याचे वय जाणवेनासे होते. म्हणून प्रस्तुत लेखात ‘तो’ हेच सर्वनाम योजले आहे. त्यात अनादर नाही.

त्या काळी नंदुरबार हे पश्चिम खानदेश जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते. ताप्ती खोऱ्यातून जाणाऱ्या लोहमार्गाने ते एकीकडे सुरतेशी व दुसरीकडे अमळनेर, भुसावळ या गावांशी जोडलेले होते. व्यापारी घरांत गुजराती, शाळेत व कचेरीत मराठी, बाजारात अहिराणी आणि सातपुड्याकडून येणाऱ्यांच्या तोंडी भिली बोली असा भाषांचा मेळ तेथे नित्याचा होता. पुष्पेंद्र आणि सविता मेहता यांचे कुटुंब गुजराती भाषक, व्यापारी वर्गातील. शिरीषच्या कानावर स्वातंत्र्याचा विचार एकाच भाषेतून आला नसणार, असे मानण्यास जागा आहे.

विचार कानावर येणे आणि चळवळीत उतरणे यांत अंतर असते. ते अंतर मुले एका उडीत पार करत नाहीत. मोठ्यांनी मध्ये काही पायऱ्या ठेवलेल्या असाव्या लागतात. खानदेशात त्या होत्या. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असलेले साने गुरुजी १९३० मध्ये नोकरी सोडून सविनय कायदेभंगात उतरले, तेव्हा शिरीष तीन-चार वर्षांचा होता. १९३६ च्या डिसेंबरअखेर खानदेशातीलच फैजपूर येथे काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले, तेव्हा तो दहा वर्षांचा होत होता. या घटनांशी त्याचा प्रत्यक्ष संबंध जोडण्याचे कारण नाही. पण ज्या हवेत तो वाढला ती हवा अशी होती.

यांतील सर्वांत साधी आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक पायरी म्हणजे प्रभातफेरी. पहाटे गल्लीगल्लीतून गाणी म्हणत, घोषणा देत फिरायचे आणि शाळेची वेळ होण्यापूर्वी घरी परतायचे. सभासदत्वाचा अर्ज नाही, वर्गणी नाही, भाषण करण्याची सक्ती नाही. मुलाला हवे असलेले सर्व काही तेथे होते : सवंगडी, सूर, हातात झेंडा आणि आपण मोठ्यांच्या कामात आहोत ही जाणीव. कारागिराच्या हाताखाली मुलगा उमेदवारी करतो, तशी ही आंदोलनातील उमेदवारी होती. शिरीषने ती केली. त्याच्या नावाशी जोडली गेलेली घोषणा गुजराती आहे. भारताची निशाणी नमणार नाही, असा तिचा आशय. तिच्यातील क्रियापदाचा धातू मराठीलाही परिचित आहे, केवळ भविष्यकाळाचा प्रत्यय गुजराती. त्यामुळे मराठी भाषक मुलालाही ती न अडखळता म्हणता येते.

८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’ ठराव संमत झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे महात्मा गांधींसह प्रमुख नेत्यांना अटक झाली. गावोगावचे कार्यकर्तेही पकडले जाऊ लागले. सरकारचा हेतू चळवळ निर्नायकी करण्याचा होता. घडले ते वेगळेच. मोठ्यांच्या रिकाम्या जागी कालपर्यंत फेरीत मागून चालणारी मुले आली. ११ ऑगस्टला पाटण्याच्या सचिवालयावर तिरंगा लावू पाहणारे सात विद्यार्थी गोळीबारात मरण पावले. २० सप्टेंबरला आसामातील गोहपूर येथे सतरा वर्षांची कनकलता बरुआ हाती झेंडा घेऊन पडली. नंदुरबारची घटना या दोहोंच्या मधली.

नेत्यांच्या अटकेला बरोबर एक महिना झाला त्या दिवशी, ९ सप्टेंबरला, नंदुरबारच्या रस्त्यांवरून मिरवणूक निघाली. शिरीषच्या हाती तिरंगा होता. त्या तिरंग्यावर तेव्हा अशोकचक्र नव्हे, चरखा होता. पोलिसांनी मिरवणूक अडवली, पांगण्यास सांगितले, पुढे बंदुका चालल्या. मिरवणुकीतील मुलींच्या दिशेने एका अधिकाऱ्याने बंदूक रोखली आणि शिरीष मध्ये उभा राहिला, असे परंपरेने सांगितले जाते. अशा कथा सांगता सांगता घोटीव होत जातात, हे चरित्राच्या अभ्यासकाने विसरू नये. मात्र मूळ घटनेविषयी शंका नाही : शाळकरी वयाची मुले नि:शस्त्र होती आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या.

त्याला ‘बालहुतात्मा’ म्हणतात. ‘हुत’ म्हणजे अग्नीत आहुती म्हणून अर्पण केलेले. आहुती कोणीतरी दुसरा देतो. शिरीषच्या बाबतीत हा अर्थ अपुरा वाटतो, कारण पुढे चालत राहण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता. तरीही मोठ्यांची जबाबदारी संपत नाही. मुलांना फेरीची वाट दाखवणाऱ्यांनी बंदुकीसमोर काय करायचे, हे त्यांना शिकवलेले असते का? त्या महिन्यात शिकवणारेच तुरुंगात होते, हे उत्तर ऐतिहासिकदृष्ट्या खरे आहे. पण पालक म्हणून ते तुमचे समाधान करणार नाही, आणि करूही नये.

नंदुरबारच्या माणिक चौकात या हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्या दिवशीच्या गोळीबारातील बळी म्हणून शिरीषकुमार मेहतासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही नावे घेतली जातात. आडनावे पुन्हा एकदा वाचा. त्यांत गुजराती आहेत आणि मराठीही आहेत. पुस्तकांतून मात्र बहुधा पहिलेच नाव आपल्यापर्यंत पोहोचते.