दातातला जीव जपणारा फोशार

अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये सीन नदीवरच्या पाँ नफ या पुलावर नेहमी गर्दी असे. त्या गर्दीचा राजा होता थोरला थोमा. धिप्पाड अंगाचा, लाल अंगरखा घातलेला, टोपीत पिसे खोवलेला, कमरेला तलवार लटकावलेला. त्याचा धंदा दात उपटण्याचा. लोक दात काढून घ्यायला येत, त्याहून जास्त लोक दुसऱ्याचा दात निघताना पाहायला येत. दुखरा दात म्हणजे उपटायचा दात, हे समीकरण कोणी तपासून पाहत नव्हते. आपल्याकडच्या आठवडी बाजारांनाही हे दृश्य अनोळखी नाही.

त्याच शहरात, त्याच काळात, दात ठेवता येईल का हा प्रश्न आधी विचारणारा एक माणूस राहत होता. पिएर फोशार त्याचे नाव. आधुनिक दंतवैद्यकाचा जनक म्हणून जग त्याला ओळखते. पण त्याची एक लहानशी सूचना अडीचशे वर्षांहून अधिक काळ वादात राहिली आणि आज, आपल्या हयातीत, खरी ठरली आहे. ती कहाणी सांगण्याजोगी आहे.

फोशारचा जन्म १६७८ च्या सुमारास पश्चिम फ्रान्समध्ये एका साध्या घरात झाला. पंधराव्या वर्षी, १६९३ मध्ये, तो राजाच्या आरमारात भरती झाला. तिथे आलेक्सांद्र पोतलरे नावाचा शल्यविशारद त्याला गुरू म्हणून लाभला. लांबच्या सफरींत ताजी फळे आणि भाजीपाला मिळत नसल्याने खलाशांना स्कर्व्ही होई. हिरड्या सुजत, रक्त येई, दात हलू लागत. तोंड म्हणजे शरीरापासून वेगळा काढलेला डबा नव्हे, हा धडा त्या पोराने जहाजावरच गिरवला.

आरमार सोडल्यावर त्याने आँजे या गावी व्यवसाय सुरू केला आणि १७१९ च्या आसपास तो पॅरिसला आला. फ्रान्समध्ये दातांचे काम करणाऱ्यांना परीक्षा देण्याचे बंधन १६९९ मध्येच आले होते. पण शिकायला पुस्तक नव्हते. ज्याला जे जमे, ते तो मुलाला किंवा शिष्याला कानात सांगे आणि बाकी जगापासून लपवून ठेवी. फोशारने हे कुलूप उघडले. १७२३ मध्ये त्याचे हस्तलिखित तयार झाले. ते त्याने पॅरिसमधल्या नामांकित वैद्यांना आणि शल्यविशारदांना दाखवले, त्यांचे अभिप्राय घेतले, आणि पाच वर्षांनी, १७२८ मध्ये, दोन खंडांचा ग्रंथ छापला. आपल्या कमाईचे गुपित त्याने भर बाजारात मांडले, असेच म्हणायचे.

या ग्रंथात काय नव्हते? दातांची रचना होती, अवजारांच्या आकृत्या होत्या, हिरड्यांचे रोग होते, वाकडे दात सरळ करण्याच्या युक्त्या होत्या. रोग्याला जमिनीवर बसवून त्याचे डोके गुडघ्यात धरण्याऐवजी हातांच्या खुर्चीत नीट बसवावे, हेही होते. भोंदूंची लबाडी होती: गर्दीत आपलाच माणूस उभा करायचा आणि रक्ताने भरलेल्या पातळ पिशवीत लपवलेला दात उपटल्याचे सोंग करायचे! दात किडतो तो आत शिरलेल्या अळीमुळे, ही समजूत तेव्हा जगभर होती. आपला ‘कीड लागली’ हा शब्दप्रयोगही तिच्याच जातीचा. फोशारने सूक्ष्मदर्शक लावून पाहिले. त्याला अळी दिसली नाही, आणि दिसली नाही असे त्याने स्वच्छ लिहिले. गोड खाण्यावर मात्र त्याने बोट ठेवले.

अर्थात तोही आपल्या काळाचाच माणूस होता. स्वतःच्या मूत्राने चुळा भराव्यात, असाही सल्ला त्याच्या ग्रंथात आहे. जंतूंची माहिती त्याला नव्हती, बधिर करण्याचे इंजेक्शन यायला दीडशेहून अधिक वर्षे होती. तरीही किडलेल्या दाढेत त्याने लवंगेच्या किंवा दालचिनीच्या तेलाचा बोळा ठेवला, काही दिवस वाट पाहिली, दुखणे शमल्यावर शिसे, कथील किंवा सोन्याने पोकळी भरली. आपल्या आजीच्या बटव्यातली लवंग पॅरिसमध्येही त्याच कामाला होती.

आता ती लहानशी सूचना. १७४६ मध्ये ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली. तीत फोशारने सांगितले, की कीड खोल गेली असेल आणि दात संवेदनशील असेल, तर सगळीच कीड खरवडून काढू नये. तसे केल्यास आतली नस उघडी पडेल आणि रोगापेक्षा औषध भारी होईल.

यातले मर्म समजण्यासाठी दात कसा घडलेला असतो ते पाहू. आलापल्लीच्या वनवैभवात गेलेल्या माणसाला ते पटकन कळेल. तिथल्या जुन्या सागाचा जीव सालीखालच्या थरांत असतो. गाभ्यातले कणखर लाकूड मृत असते. म्हणून आतून पोकळ झालेले झाडही वर्षानुवर्षे उभे राहते, पालवते. दाताचे नेमके उलटे आहे. बाहेरचे एनॅमल कठीण, पण निर्जीव. त्याखाली डेंटीन. आणि सर्वांत आत मऊ गर, रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंनी भरलेला. आपण त्याला ‘नस’ म्हणतो. हा गर नुसता दुखण्यासाठी नसतो. कीड जवळ येऊ लागली, की तो आतून डेंटीनचा नवा थर चढवतो, जणू स्वतःभोवती भिंत बांधतो. शिवाय तो दाताला थंड-गरम आणि दाब कळवतो, जंतूंशी लढतो. माझी उभी हयात बँकेत गेली, म्हणून त्याच भाषेत सांगतो: गर हे दाताचे मुद्दल आहे. ते मोडले, तरी दात काही वर्षे चालतो. पण मुद्दल परत येत नाही.

फोशारनंतर दहा वर्षांनी, १७५६ मध्ये, बर्लिनच्या फिलिप फाफ या दंतवैद्याने उघड्या पडलेल्या नसेवर सोन्याच्या पातळ पत्र्याचे झाकण बसवून वर भरण केले. १८५९ मध्ये इंग्लंडच्या जॉन टोम्स यांनीही गरावर रंग बदललेल्या डेंटीनचा थोडा थर राहू द्यावा, असे लिहिले. पण १९०८ मध्ये अमेरिकेचे जी. व्ही. ब्लॅक यांनी उलट निकाल दिला: मऊ, किडके डेंटीन ठेवण्यापेक्षा नस उघडी पडलेली परवडली. ब्लॅक हे फार मोठे नाव. पुढची कित्येक दशके विद्यार्थी तेच शिकले आणि फोशारची सूचना मागे पडली.

ती परत आली दोन वाटांनी. १९२० मध्ये जर्मनीच्या बेर्नहार्ट हेरमान यांनी कॅल्शियम हायड्रॉक्साइड दातावर वापरले. त्याखाली गर स्वतः नवा थर बांधतो, असे दिसून आले. आणि १९६५ मध्ये अमेरिकेत काकेहाशी व सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. साध्या उंदरांचा उघडा पडलेला गर सडला. जंतूंविना वाढवलेल्या उंदरांचा गर भरून आला. म्हणजे गर मुळात नाजूक नाही, त्याचा घात करतात ते जंतू. १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियात बांधकामाच्या सिमेंटच्याच कुळातले एम.टी.ए. नावाचे औषधी सिमेंट निघाले. ते ओलाव्यात घट्ट बसते आणि जंतूंची वाट बंद करते.

आज जगातल्या मान्यवर संस्था काय सांगतात? युरोपातील एंडोडॉन्टिक तज्ज्ञांच्या संस्थेने २०१९ मध्ये आणि अमेरिकेतील संस्थेने २०२१ मध्ये गर जपण्याच्या उपचारांना, मोठ्या माणसांच्या दातांतही, जागा दिली. युरोपीय संस्थेचे म्हणणे तर थेट फोशारच्या अंगणातले आहे: गर जिवंत आणि निरोगी असेल, तर खोल कीड काढताना कडा स्वच्छ कराव्यात आणि गराजवळचा थर राखावा. नस उघडी पडलीच, तर रबराचा पडदा लावून दात कोरडा व निर्जंतुक ठेवावा आणि सिमेंटचे झाकण द्यावे. कधी गराचा वरचा, सुजलेला भागच काढतात. काही मिनिटांत रक्त थांबले, तर उरलेला गर तगण्याची आशा असते. नंतर पक्के भरण आणि सहा महिन्यांनी, वर्षाने एक्स-रे. गर मेला असेल, गळू झाले असेल, तर मात्र रूट कॅनल किंवा दात काढणे याला इलाज नाही.

आमच्या गडचिरोली जिल्ह्यासाठी यात मोठा अर्थ आहे. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय आलापल्लीहून अडीचशे किलोमीटरांहून जास्त दूर. रोजंदारी बुडवून चार खेपा घालणे कुणाला परवडते? म्हणून दाढ दुखली, की गोळ्या खाऊन दिवस काढायचे आणि असह्य झाले, की उपटून मोकळे व्हायचे. एक दाढ गेली, की चावणे एका बाजूला सरकते, भाकरीऐवजी मऊ भात बरा वाटू लागतो. गर जपण्याचा उपचार पुष्कळदा एका बैठकीत होतो. पण त्याची अट एकच: वेळेवर जायचे. थंड पाण्याने क्षणभर ठणका लागतो, तेव्हा दात हाक मारीत असतो. रात्रीची झोप उडवणारा ठणका ही शेवटची हाक. आणि ठणका आपोआप थांबला, की आपण सुटलो असे समजतो. खरे तर पुष्कळदा आत गर मेलेला असतो.

फोशार मार्च १७६१ मध्ये पॅरिसला वारला. त्याच्या ग्रंथाचे जर्मन भाषांतर १७३३ मध्येच झाले होते. इंग्रजी मात्र १९४६ मध्ये आले. ते केले लिलियन लिंडसे यांनी, १८९५ मध्ये ब्रिटनमध्ये पदवी घेतलेल्या पहिल्या स्त्री दंतवैद्य. थोरल्या थोमाच्या तमाशाला गर्दी जमत होती, तेव्हा फोशार एका खोलीत बसून दाढेत लवंगेचा बोळा ठेवून वाट पाहत होता. वैद्यकात वाट पाहणे हेही काम आहे, एवढे त्याने शिकवले. आपण मात्र वाट पाहायची नाही. येत्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने आरशासमोर तोंड उघडावे, काळा खड्डा दिसला तर दंतवैद्याकडे जावे आणि त्यांना आधी हेच विचारावे, की आतला जीव वाचवता येईल का.