पुरातत्त्वतपस्वी पंडित भगवानलाल इंद्रजी

ट्रॉम्बेच्या किनाऱ्यावरून समोर घारापुरी दिसते. मुंबई-ठाणे परिसरातील अशा प्राचीन अवशेषांचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या आद्य भारतीय संशोधकांत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे स्थान अग्रगण्य आहे.

त्यांचा जन्म १८३९ साली जुनागढ येथे झाला. तेथे गिरनारच्या वाटेवर अशोक, रुद्रदामन व स्कंदगुप्त यांचे लेख एकाच शिळेवर कोरलेले आहेत. प्रिन्सेप यांनी उलगडलेल्या अक्षरांचा तक्ता हाताशी घेऊन तरुण भगवानलाल ते लेख वाचू लागले. फोर्ब्ससाहेबांच्या शिफारशीवरून १८६१च्या सुमारास ते मुंबईस डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याकडे आले. पुढे लेण्या-लेण्यांतून हिंडून त्यांनी लेखांचे ठसे घेतले, नाणी जमविली. या शोधयात्रेत ते नेपाळपर्यंत पोहोचले.

१८७४ मध्ये भाऊ दाजींचे निधन झाले आणि मोठा आधार तुटला. पदवी नाही, सरकारी हुद्दा नाही, इंग्रजीवर प्रभुत्व नाही. तरीही त्यांनी हा मार्ग सोडला नाही. ते गुजरातीत लिहीत आणि डॉ. ब्यूलर यांच्यासारखे स्नेही त्याचे इंग्रजी भाषांतर करीत. एप्रिल १८८२ मध्ये सोपारा येथील बुरुड राजाच्या कोटाचे त्यांनी उत्खनन केले. विटांच्या त्या स्तूपातून एकात एक ठेवलेले करंडक निघाले. त्याच वर्षी तेथे अशोकाच्या आठव्या आज्ञालेखाचा तुकडाही मिळाला.

जैन समाजावर त्यांचे विशेष ऋण आहे. ओरिसातील उदयगिरीच्या हाथीगुंफेतील लेख अरिहंत व सिद्ध यांच्या वंदनाने सुरू होतो. पूर्वीच्या अभ्यासकांनी त्यातील राजाचे नाव चुकीचे वाचले होते. ते खारवेल असे प्रथम वाचून, हा कलिंगाधिपती जैनधर्मीय असल्याचे पंडितजींनी दाखविले. त्यांचे हे वाचन १८८५ मध्ये लायडेन येथून प्रसिद्ध झाले. कालनिर्णयासह त्यातील अनेक गोष्टी पुढील विद्वानांनी दुरुस्त केल्या. परंतु पाया त्यांचाच राहिला. कहाऊं येथील जैन स्तंभलेखाचाही त्यांनी अभ्यास केला. लायडेन विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली.

१६ मार्च १८८८ रोजी, वयाच्या अवघ्या ४८व्या वर्षी, मुंबईत त्यांचे देहावसान झाले. आयुष्यभर जमविलेली नाणी व शिलालेख त्यांनी ब्रिटिश म्युझियमला, तर हस्तलिखिते मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला दिली. आज पुरातत्त्वासाठी पदव्या आहेत, प्रयोगशाळा आहेत. मात्र झिजलेल्या अक्षरापुढे तासन्‌तास बसण्याची चिकाटी ज्याची त्यालाच मिळवावी लागते. या क्षेत्राकडे वळणाऱ्या तरुणांना पंडितजींचे जीवन हाच धडा देते. त्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन.