लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि सायकल

(इयत्ता ४ थी)

आमच्या भित्तीपत्रकात दर महिन्याला एका थोर माणसाचे चरित्र असते. मागे गाडगेबाबा झाले, त्याच्या आधी सावित्रीबाई झाल्या. या वेळी माझा नंबर आला. कोणावर लिहिणार असे गुरुजींनी विचारले तर माझ्या तोंडून सायकल असे निघून गेले. सारे पोट्टे हसले. सायकल काही थोर पुरुष नाही. पण गुरुजी हसले नाहीत. सायकलच्या दुकानातून मोठे झालेले एक गृहस्थ होऊन गेले, त्यांच्यावर लिही, असे ते म्हणाले. ते म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर.

मी सायकल का म्हटले ते आधी सांगते. आमच्या गावची शाळा चौथीपर्यंत आहे. जूनपासून मला पाचवीसाठी मोर्शीला जावे लागेल. आमच्या गावापासून मोर्शी चार किलोमीटर आहे. पोरगी एवढ्या दूर रोज एकटी पायी जाणार नाही, असे आईचे म्हणणे आहे. मला आत्याच्या गावी शिकायला ठेवायचे, असेही घरात बोलणे झाले. आत्या चांगली आहे, पण मले तिथे राहायचे नाही. मग बाबा म्हणाले की सायकल नीट चालवता आली तर पाहू. म्हणून माझ्या डोक्यात सध्या सायकलच आहे.

आता चरित्र सांगते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव काशीनाथपंत होते. लहानपणी लक्ष्मणरावांचे पुस्तकात मन लागत नसे. त्यांना चित्रे काढणे आणि यंत्रे खोलून पाहणे आवडे. चित्रकला शिकायला ते १८८५ साली मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. पण तिथे एक वेगळीच अडचण निघाली. त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला फरक समजत नव्हता. असे काही लोकांच्या डोळ्यांना जन्मापासून असते. रंग ओळखता येत नाहीत तर चित्रकार कसे होणार? त्यांनी रंग सोडून दिले, पण पेन्सिल सोडली नाही. ते यंत्रांची चित्रे काढायला शिकले, त्याला रंग लागत नाहीत. मग मुंबईच्याच व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिकवायची नोकरी मिळाली. त्या संस्थेला आता वीरमाता जिजाबाईंचे नाव आहे.

मुंबईला असताना त्यांना सायकलीचा नाद लागला. तेव्हा आपल्या देशात सायकली बनत नव्हत्या. त्या विलायतेहून बोटीने येत. दोन्ही चाके सारखी आणि मागच्या चाकाला चेन, अशी सायकल इंग्लंडात १८८५ च्या सुमारास निघाली होती. त्याच्या आधीच्या सायकलीचे पुढचे चाक माणसाएवढे उंच असे, त्यावरून पडले तर डोकेच फुटायचे. हवेचे टायर तर त्याहून नंतर आले. बेलफास्ट गावात डनलॉप नावाचे जनावरांचे डॉक्टर होते. त्यांच्या मुलाची तीन चाकांची सायकल दगडांवर फार धडधडत होती. त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून चाकांना बसवली. हवेच्या टायरचा हक्क त्यांनी १८८८ साली नोंदवला. मला ही गोष्ट लय आवडली. जनावरांच्या डॉक्टरने टायर शोधला.

त्याच १८८८ साली किर्लोस्कर भावांचे बेळगावचे सायकलचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकल विकत घेऊन पाठवत आणि त्यांचे थोरले भाऊ रामूअण्णा ती बेळगावला विकत. पण लोकांना सायकल चालवता येत नव्हती. ज्याला चालवता येत नाही तो विकत कशाला घेईल? म्हणून ते शिकवतही असत. शिकवायचे १५ रुपये घेत. त्या काळचे १५ रुपये म्हणजे फार झाले. गिऱ्हाईक नक्कीच मोठे लोक असतील. मोठी माणसे कोट घालून सायकल शिकताना कशी पडत असतील, ते मनात आणून मला हसू येते. कारण मी पण पडली.

आमच्या घरी आबाजींची काळी, बावीस इंची सायकल आहे. सीटवर बसले तर माझे पाय पायडलला पुरत नाहीत. म्हणून मी कैची शिकले, म्हणजे दांड्याच्या मधातून पाय घालून चालवायचे. पांदणीच्या उतारावर सायकल जोरात निघाली. ब्रेक दाबला तर लागलाच नाही. संत्र्याच्या बगीच्याच्या काट्याच्या कुंपणात मी धपकन पडली. दोन्ही गुडघे फुटले. आईने हळद लावली आणि सायकलचे नाव काढायचे नाही असे सांगितले. आठ दिवस तिने माझ्याशी सायकलचा विषयच बोलू दिला नाही.

मग मोठेबाबांच्या दादाने सांगितले की चूक माझी नव्हती आणि सायकलचीही नव्हती. सायकल माझ्या मापाची नव्हती आणि ती कोणी पाहिली नव्हती, एवढेच. मामाच्या घरी मामेबहिणीची लहान सायकल दोन वर्षांपासून पडून होती. बाबा ती एस.टी.च्या टपावर टाकून घेऊन आले. चाकात हवा नाही, चेन लाल झालेली, सीटवर कोंबडीने घाण केलेली. दादाने आणि मी ती रविवारी अंगणात उलटी करून दुरुस्त केली.

दादाने मला जे दाखवले ते लिहिते, कारण आमच्या वर्गातले बरेच जण शिकत आहेत. आधी सीट. सीटवर बसायचे, पायडल एकदम खाली करायचे आणि त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला तर सीट बरोबर. मग चालवताना पायाचा पुढचा भाग पायडलवर ठेवला की गुडघा थोडा वाकलेला राहतो आणि दुखत नाही. पण अगदी नवीन असेल तर सुरुवातीला सीट याहून खाली ठेवायची, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत, म्हणजे भीती वाटत नाही. सीटच्या नळीवर एक खूण असते, ती दिसेल इतकी सीट वर काढायची नाही, नाही तर नळी निघून येते. हँडल सीटच्या बरोबरीला किंवा थोडे वर असावे. पुढचे चाक दोन पायांत धरून हँडल फिरवून पाहायचे. फिरले तर नट ढिला आहे.

चेन मधात बोटाने वरखाली केली तर जवळपास अर्धा इंच हलावी. जास्त ढिली असली तर उतरते, फार ताणली तर पायडल जड जाते. कडीकडीवर तेलाचा एकेक थेंब टाकून फडक्याने पुसायचे. मी आधी भसाभसा तेल ओतले, तर दादा रागावला, कारण जास्त तेलाला धूळ चिकटते. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूला लिहिलेले असते, पण आमच्याकडे अंगठ्याने दाबून पाहतात. ब्रेकचे रबर रिमला लागले पाहिजे, टायरला नाही. टायरला लागले तर टायर कापून जातो. पुढचा ब्रेक एकटा जोरात दाबायचा नाही, माणूस हँडलवरून समोर जातो. दोन्ही सोबत दाबायचे.

लक्ष्मणराव पण असेच खोलून, जोडून शिकले असतील असे मला वाटते. नोकरीत त्यांची बढती व्हायची होती, ती त्यांना न देता दुसऱ्याला दिली. त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला भावाजवळ आले. सायकलच्या दुकानाबरोबर त्यांनी शेतीच्या अवजारांचा कारखाना काढला. आधी कडबा कापायचे यंत्र केले. १९०३ साली लोखंडी नांगर केला. पण तो कोणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते असे शेतकऱ्यांना वाटे. पहिला नांगर विकायला दोन वर्षे लागली. दोन वर्षे! मी आठ दिवसांत रडकुंडीला आली होती. आमच्या गोठ्यामागे एक जुना लोखंडी नांगर पडला आहे. त्यावरची अक्षरे गंजाने गेली, पण आता मी तिकडे गेले की त्याच्याकडे पाहते.

पुढे बेळगावची जागा त्यांना सोडावी लागली. तेव्हा औंध संस्थानच्या राजांनी कुंडलजवळ माळरान दिले. तिथे निवडुंग आणि सापच होते. १९१० साली तिथे कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी राहिली. ती किर्लोस्करवाडी. ती आता सांगली जिल्ह्यात आहे आणि तिथे रेल्वे स्टेशन आहे. तिथे नांगर, पंप अशा पुष्कळ वस्तू झाल्या. लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. १९६९ साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली तेव्हा सरकारने त्यांचे पोस्टाचे तिकीट काढले.

माझे म्हणाल तर मला आता सरळ रस्त्यावर चालवता येते. डावीकडून चालवते. वळताना मागे पाहिले की सायकल हेलकावे खाते, ते अजून जमत नाही. संत्र्याचे ट्रक सुरू झाले की मोठ्या रस्त्यावर जायचे नाही असे बाबांनी सांगितले आहे, म्हणून मी शाळेच्या मैदानावर फेऱ्या मारते. मागच्या रविवारी दादासोबत मोर्शीच्या नळदमयंती नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले. आईला येईपर्यंत सांगितले नव्हते. ती रागावली नाही, पण बोललीही नाही. नंतर तिने पायडलवरचा चिखल पाण्याने धुतला.

शनिवारी पालक भित्तीपत्रक पाहायला येणार आहेत. बाबा, तुम्ही हे वाचत असाल तर पुढच्या ब्रेकचे रबर झिजले आहे. बाजारातून आणाल काय? जोडीच मिळते.