जंतू गिळणारी पेशी शोधणारे मेचनिकॉफ आणि गोठ्यातला जोन्स आजार

तीन-चार वर्षांची संकरित गाय. वैरण खाते, ताप नाही. पण पातळ हगवण थांबत नाही, दूध घटते आणि अंगावरचे मांस झडत जाते. जंतनाशक दिले, गोळ्या दिल्या. चार दिवस बरे, पुन्हा तेच. जालना जिल्ह्यात गोठ्यांवर फिरताना अशा गाईबद्दल विचारणा होते. ही लक्षणे जोन्स आजाराची असू शकतात. तो औषधाला दाद का देत नाही, हे समजून घेण्यासाठी आधी एका शास्त्रज्ञाचे आयुष्य पाहू.

काटा आणि पेशी

एली मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ मध्ये आजच्या युक्रेनमधील खारकीव्हजवळच्या खेड्यात झाला. पुढे ते ओडेसा येथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांची पहिली पत्नी ल्युडमिला लग्नाच्या वेळीच इतकी अशक्त होती की तिला खुर्चीत बसवून न्यावे लागले. १८७३ मध्ये क्षयाने ती गेली आणि मेचनिकॉफ पार खचले.

१८८२ मध्ये इटलीतील मेसिना गावी त्यांनी समुद्रातल्या तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर काट्याभोवती फिरत्या पेशींनी वेढा घातलेला होता. तुमच्या पायात बाभळीचा काटा मोडला की भोवती पू धरतो, तोही अशाच पेशींचा. या पेशी जंतू गिळतात आणि पचवतात, हे त्यांनी मांडले. त्यांना आपण भक्षक पेशी म्हणतो. त्यातल्या मोठ्या पेशी म्हणजे मॅक्रोफेज.

अपयश, वाद आणि मान

त्यांची वाट सरळ नव्हती. १८८६ मध्ये ओडेसात जंतुशास्त्र केंद्र निघाले आणि त्याची धुरा त्यांच्याकडे आली. १८८८ मध्ये या केंद्राकडून फाशीची लस टोचलेल्या हजारो मेंढ्या दगावल्या. लस त्यांनी स्वतः टोचली नव्हती, पण बोल त्यांनाही लागला. त्याच वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत गेले आणि १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले.

रोगाशी पेशी लढतात की रक्तातली प्रतिपिंडे, यावर मोठा वाद झाला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि प्रतिपिंडांचा अभ्यास करणारे पॉल एर्लिश या दोघांना मिळून दिले गेले. ओडेसातले त्यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन यांनी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची.

रखवालदाराच्या घरातच चोर

१८९५ मध्ये जर्मनीत योहने यांनी फ्रॉदिंगहॅम यांच्यासोबत या आजाराचे वर्णन केले. 'जोन्स' हे नाव योहने यांच्यावरूनच पडले. याचा जंतू क्षयाच्या जंतूचा भाऊबंद. तो वासराच्या पोटात शेण लागलेल्या सडातून, चिकातून किंवा दुधातून जातो आणि लहान आतड्याच्या भिंतीत शिरतो. मॅक्रोफेज त्याला गिळते, पण पचवू शकत नाही. जंतू तिची पचनक्रिया रोखतो आणि तिच्यातच वाढतो.

सुरुवातीला टी-पेशी मॅक्रोफेजला बळ देतात आणि जंतू वर्षानुवर्षे दबून राहतो. पुढे हा जोर ओसरतो. मग रक्तात प्रतिपिंडे वाढतात, पण पेशीच्या आत लपलेल्या जंतूपर्यंत ती पोचत नाहीत. आतड्याची भिंत जाड होऊन वळ्या पडतात, अन्नरस शोषला जात नाही. जबड्याखाली पाणी उतरते. म्हणूनच एलायझा तपासणी सुरुवातीच्या काळात निर्दोष येऊ शकते. खात्रीचा उपचार नाही.

तुम्ही काय कराल?

- गाय कोरड्या, स्वच्छ जागी विऊ द्या. सड धुऊनच चीक काढा आणि तो निरोगी गाईचाच पाजा.
- पहिले सहा महिने वासरू मोठ्या जनावरांच्या शेणापासून दूर ठेवा. या वयात लागण सर्वांत सहज होते.
- गव्हाण आणि पाण्याचा हौद उंच ठेवा, शेण पडू देऊ नका.
- संशयित जनावराचे शेण हिरव्या चाऱ्याच्या प्लॉटमध्ये टाकू नका. हा जंतू शेणा-मातीत अनेक महिने तग धरतो.
- पशुवैद्यकांकडून शेण आणि रक्त दोन्ही तपासून घ्या. एक तपासणी निर्दोष आली तरी काही महिन्यांनी पुन्हा करा.
- शेळ्या-मेंढ्यांनाही लागण होते. त्यांना वेगळे चारा.

आपल्या राज्यात गोवंश हत्याबंदी आहे. त्यामुळे बाधित गाय शेवटपर्यंत वेगळी बांधणे हाच मार्ग उरतो, आणि तो खर्चाचा आहे. तरीही ती बाजारात नेऊन दुसऱ्याच्या दावणीला बांधू नका. आतड्यातली रखवालदार पेशी जिथे हरते, तिथे वासराची राखण गोठ्याच्या दारातच करावी लागते.