फियाट भारतात टिकली कशी? वालचंद हिराचंद आणि सुट्या भागांची गोष्ट

फोनचा डिस्प्ले फुटतो. दुकानदार सांगतो, या मॉडेलचा पार्ट आता येत नाही. बाकी सगळं ठणठणीत असलेला फोन कपाटात जाऊन पडतो. हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांनी घेतला असेल.

आता जुनी फियाट 1100 किंवा प्रीमियर पद्मिनी आठवा. डिझाइन इटलीचं आणि साठ-सत्तर वर्षांपूर्वीचं, तरी ही गाडी अजून चालू ठेवता येते. याचं कारण समजून घ्यायचं तर एका माणसाची ओळख हवी. सांगलीच्या वालचंद कॉलेजमुळे त्यांचं नाव आपल्याला पाठ आहे, पण त्यांनी नक्की काय केलं हे फारसं माहीत नसतं.

सोलापूरचा ठेकेदार

वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म 23 नोव्हेंबर 1882 रोजी सोलापुरात झाला. घरचा धंदा कापसाचा आणि सावकारीचा. त्यात त्यांचं मन रमलं नाही. रेल्वेत कारकून राहिलेल्या लक्ष्मणराव फाटकांबरोबर भागीदारी करून त्यांनी बार्शी लाइट रेल्वेच्या कामाचा ठेका घेतला. पुढे बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांपर्यंत त्यांची मजल गेली.

1919 मध्ये त्यांनी ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून लॉयल्टी नावाची बोट घेतली आणि भारतीय मालकीची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. ही बोट 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून लंडनला निघाली. तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतात.

सातारा रोडची फाउंड्री

साताऱ्याचे उद्योजक धनजीशा कूपर यांचा सातारा रोडला कारखाना होता. हेच कूपर 1937 मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. कारखान्यात लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिनं बनायची. 1940 मध्ये हा कारखाना वालचंदांच्या समूहात आला.

डिझेल इंजिन बनवणं म्हणजे काय, हे इथे समजून घेऊ. आधी फाउंड्रीत लोखंड वितळवून वाळूच्या साच्यात ओतायचं. मग त्या ओतीव ब्लॉकमध्ये सिलिंडरची भोकं मशीनवर अगदी मापात कापायची. पिस्टन आणि सिलिंडरमधलं अंतर केसाएवढं जरी चुकलं, तरी इंजिन एक तर जॅम होतं नाही तर धूर ओकतं. मोटारीच्या इंजिनालाही हेच कौशल्य लागतं. म्हणजे हे काम आपल्या लोकांना जमत होतं. अडचण वेगळीच होती.

विमानाला हो, मोटारीला नाही

भारतात मोटारी तेव्हाही जोडल्या जात होत्या. जनरल मोटर्स 1928 पासून मुंबईत गाड्या जोडायची. पण सुटे भाग पेटीतून यायचे, इथे फक्त बोल्ट आवळायचे. वालचंदांना भागच इथे बनवायचे होते. मोटार कारखान्याचा आराखडा विश्वेश्वरय्यांनी आधीच मांडला होता आणि वालचंदांनी अमेरिकेच्या क्रायस्लरशी बोलणीही केली. युद्धाचं कारण सांगून इंग्रज सरकारने साथ दिली नाही.

गंमत बघा, त्याच युद्धामुळे विमान कारखान्याला मात्र होकार मिळाला. डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर संस्थानाच्या मदतीने बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट सुरू झाली. 1942 मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. आजची एचएएल ती हीच. 1941 मध्ये विशाखापट्टणमला त्यांनी जहाजबांधणीचा पायाही घातला.

मोटारीचा हट्ट त्यांनी सोडला नाही. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि 1947 मध्ये क्रायस्लरच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पण सुरुवात जोडणीनेच करावी लागली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. 1949 मध्ये वालचंदांना पक्षाघाताचा झटका आला. 8 एप्रिल 1953 रोजी गुजरातमध्ये सिद्धपूरला त्यांचं निधन झालं.

त्याच वर्षी दोन गोष्टी घडल्या. इटलीत फियाट 1100 चं नवं मॉडेल आलं. भारतात टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारने ठरवलं की ज्यांच्याकडे भाग इथे बनवायची योजना नाही, त्यांनी धंदा बंद करावा. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या, प्रीमियर राहिली. ज्या धोरणासाठी वालचंद भांडले, ते आलं तेव्हा ते नव्हते.

याचा फियाटला काय फायदा झाला?

इटलीत 1100 चं टीव्ही नावाचं चपळ रूपही होतं. यातलं टीव्ही म्हणजे तुरिस्मो वेलोचे, वेगवान प्रवासाची गाडी. साध्या मॉडेलची ताकद सुमारे 36 हॉर्सपॉवर, तर टीव्हीची सुमारे 50. आपल्याकडे साधी आवृत्ती रुळली. तिचंच पुढचं रूप 1100 डी. ते इटलीत 1966 मध्ये थांबलं, पण आपल्याकडे डिलाइट, प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी या नावांनी 2000 च्या आसपासपर्यंत बनत राहिलं. इटलीने गाडी सोडल्यावरही तीसेक वर्षं तिचे भाग भारतात बनत होते!

याची दुसरी बाजूही आहे. स्पर्धा नव्हती, त्यामुळे गाडी फारशी सुधारली नाही. ग्राहकाला वर्षानुवर्षं थांबून तीच जुनी गाडी घ्यावी लागली. 1089 सीसीचं इंजिन आणि स्टिअरिंगजवळचा गिअर अनेक वर्षं तसाच राहिला. पण जे ग्राहकाच्या तोट्याचं, ते आजच्या जुन्या गाडीवाल्याच्या पथ्यावर पडलं.

आज फियाट सांभाळायची तर

- इंजिन: कार्ब्युरेटर साफ करणं, डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट घासणं, टॅपेट सेट करणं ही कामं जुना मेकॅनिक हाताने करतो. त्याला लॅपटॉप लागत नाही.
- घाट: उन्हाळ्यात खंबाटकी चढताना पेट्रोल पंपातच वाफ होऊन इंजिन बंद पडू शकतं. गाडी थांबवा, पंपावर ओलं फडकं ठेवा आणि थोडा दम धरा.
- पुढची चाकं: किंगपिनला वेळच्या वेळी ग्रीस द्या. बुश झिजला तर चांगला टर्नर लेथवर नवीन करून देतो.
- अवघड भाग: काचा, रबर बीडिंग आणि क्रोमच्या पट्ट्या लेथवर होत नाहीत. गाडी घेताना आधी हे पाहा, इंजिन नंतर.
- कागदपत्रं: 50 वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या खासगी गाडीची 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदणी होते. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये. मात्र मग ती रोज वापरता येत नाही.

सांगलीत 1947 मध्ये धोंडूमामा साठ्यांनी सुरू केलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजला 1955 मध्ये वालचंदांचं नाव मिळालं. पुढच्या वेळी खोक्यावर मेड इन इंडिया दिसलं, तर एकच प्रश्न विचारा: ही वस्तू इथे बनली की इथे फक्त जोडली? दहा वर्षांनी तिचा पार्ट मिळेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्या उत्तरावर ठरतं.