कंदिलाच्या उजेडात



गंगापूर रोडवरील आजाऱ्यांना भेटायला गेलो की औषध बरे की निसर्गोपचार, हा वाद आमच्या कानावर येतोच. अशा वेळी आम्हाला महात्मा गांधी आठवतात. मातीच्या पट्ट्या, कटिस्नान, उपवास यांवर त्यांचा गाढ विश्वास. तरी जानेवारी १९२४ मध्ये, येरवड्याचे कैदी असताना, पुण्याच्या ससून रुग्णालयात त्यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली. मध्येच वीज गेली. कंदिलाच्या उजेडात ती पुरी झाली.

पुढे सेवाग्रामला कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींच्या अंगाला ते स्वतः मालिश करीत. (आम्हाला शस्त्रक्रियेपेक्षा हेच अवघड वाटते.) मार्च १९४६ मध्ये उरुळीकांचनला राहून त्यांनी गावकरी रुग्णांवर निसर्गोपचार केले. आठवडाभराने ते निघाले. मागे मणिभाई देसाई राहिले, ते जन्मभर.